सेंट्रल पार्कची पानगळ : यंदा उत्तरेकडून चालायला लागा

रानवारा

न्यूयॉर्कची पानगळ बघायला येणारी बहुतेक मंडळी सेंट्रल पार्कात ५९व्या स्ट्रीटवरून शिरतात, तळ्याकाठी फोटो काढतात, बेथेस्डा टेरेसपर्यंत जातात आणि पाय बोलायला लागले की मागे फिरतात. बाग मात्र तिथून पुढे थेट ११०व्या स्ट्रीटपर्यंत पसरली आहे. लांबी ४ किलोमीटर, रुंदी ८०० मीटरच्या आसपास, क्षेत्रफळ ८४३ एकर. माझं आग्रहाचं सांगणं असं, की नोव्हेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा आणि उत्तरेच्या बाजूने सुरुवात करा.

आधी दिवसांचं. उत्तरेकडचे डोंगर ऑक्टोबरच्या पूर्वार्धातच रंगतात, म्हणून लोक न्यूयॉर्कचं तिकीटही तेव्हाचंच काढतात आणि इथे येऊन हिरवी झाडं बघतात. शहराला समुद्राची सोबत आहे आणि इमारती-रस्त्यांत दिवसभराची ऊब मुरलेली असते, त्यामुळे थंडी उशिरा पोचते. मॅनहॅटनमध्ये रंगांचा भर ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असतो. त्यातही मला उतरता काळ जास्त आवडतो. निम्मी पानं खाली आलेली असतात, उरलेल्यांतून ऊन आरपार येतं आणि पानांआड दडलेली जमीन दिसायला लागते. खडक, चढउतार, कमानी, वाटांची वळणं, सगळं उघडं पडतं. ही बाग कशी रचली हे समजून घ्यायचं असेल तर हेच दिवस.

कारण ती खरोखर रचलेली आहे. इथे पूर्वी दलदल, उघडे कातळ आणि विखुरलेली वस्ती होती. १८५३मध्ये राज्याच्या कायदेमंडळाने जमीन घ्यायला मंजुरी दिली. पुढे आराखड्यांची स्पर्धा झाली, ३३ आराखडे आले आणि १८५८मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉ यांचा ‘ग्रीन्सवर्ड’ आराखडा निवडला गेला. बाग पूर्ण व्हायला १८७६ उजाडलं. तळी खणली, कातळ सुरुंगाने उडवले, न्यू जर्सीहून सुपीक माती आणून पसरली, आणि इग्नाझ पिलाट या ऑस्ट्रियात जन्मलेल्या उद्यानतज्ज्ञाच्या देखरेखीखाली लागवड झाली. आज तुम्हाला जे ‘रान’ वाटतं त्यातलं जवळजवळ प्रत्येक वळण कुणीतरी कागदावर काढलेलं आहे. मला यात काहीही खोटं वाटत नाही. शहरात दाटीवाटीने राहणाऱ्या माणसाला रान मिळावं म्हणून इतकी वर्षं इतक्या हातांनी राबावं, याबद्दल मला अपार आदर आहे.

आता वाट. बी किंवा सी या सबवेच्या गाडीने १०३व्या स्ट्रीटला उतरा (शनिवार-रविवारी बी नसते, सी धरा). रस्ता ओलांडला की आत एक लहान तळं लागतं. नकाशावर त्याचं नाव ‘द पूल’ असं दिसेल. पानगळीसाठी अख्ख्या बागेत माझी पहिली पसंती या तळ्याला. काठाला लाल मेपल आहेत, पाण्यावर झुकलेल्या विलो आहेत आणि बाल्ड सायप्रस आहेत. हे शेवटचं झाड मुद्दाम बघा. सूचिपर्णी असूनही ते हिवाळ्याआधी तांबूस होऊन सगळी पानं टाकतं. वारा नसेल तेव्हा सकाळी लवकर गेलात तर पाण्यात दुसरं रान उभं असतं.

तळ्याच्या पूर्व टोकाला पाणी खडकांवरून खाली पडतं आणि ग्लेन स्पॅन कमानीखालून एका घळीत शिरतं. त्याच्या काठाने चालत राहा. इथे मूळचा ओढा होता, तो अडवून हे तळं आणि खालचं ‘लॉक’ नावाचं तळं तयार केलं. हल्ली वाहणारं पाणी शहराच्या नळाचं आहे, पण ते खडकांवरून कसं उतरावं, कुठे आवाज करावा, कुठे पसरून शांत व्हावं, हे सगळं ओल्मस्टेड-व्हॉ यांनी ठरवलेलं. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला अ‍ॅडिरॉन्डॅकची अरण्यं आहेत. तिथे जाणं ज्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं त्यांना त्याची चव इथे मिळावी, असा विचार त्यामागे होता. नॉर्थ वुड्सच्या या घळीत उभं राहिलं की एकही इमारत दिसत नाही, आणि आपण मॅनहॅटनच्या मधोमध आहोत हे स्वतःला सांगावं लागतं. ओक आणि हिकरीची पानं इथे पडतील तशीच राहू देतात, त्यामुळे पायाखाली जाड थर असतो.

घळ संपते तिथे हडलस्टोन कमान. चुना-सिमेंट काही न वापरता नुसते प्रचंड धोंडे एकमेकांवर असे रचलेत की त्यांच्याच वजनावर ती उभी आहे. डोक्यावरून बागेचा मोठा रस्ता जातो आणि खालून आपण आणि ओढा. अवश्य थांबा आणि वर बघा. या बागेत तीसहून अधिक पूल आणि कमानी आहेत, त्यांतली एकही दुसरीसारखी नाही.

कमानीपलीकडे १९६६मध्ये बर्फावर घसरण्याचा आखाडा आणि पोहण्याचा तलाव एकत्र बांधला होता आणि ओढा जमिनीखाली नळात गेला होता. ते बांधकाम पाडून २०२५मध्ये तिथे नवं डेव्हिस सेंटर उघडलं. इमारत उताराच्या पोटात बसवली आहे आणि ओढा पुन्हा उघड्यावर आणून हार्लेम मीअर या मोठ्या तळ्याला जोडला आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा आज कुणीतरी इतक्या प्रेमाने परत जुळवतंय, हे बघून मला फार बरं वाटलं.

मीअरला वळसा घालून फिफ्थ अव्हेन्यूवर १०५व्या स्ट्रीटला या. तिथे लोखंडी व्हँडरबिल्ट गेटमधून कॉन्झर्व्हेटरी गार्डनमध्ये शिरायचं. एके काळी इथे काचगृह होतं, ते १९३४मध्ये पाडलं आणि १९३७मध्ये ही आखीव बाग खुली झाली. तिच्या उत्तरेच्या भागात, तीन नाचणाऱ्या मुलींच्या कारंज्याभोवती ऑक्टोबरअखेरपासून शेवंती फुलते. वर्तुळाकार वाफ्यांत फिकट गुलाबीपासून गंजाच्या रंगापर्यंत सगळ्या छटा. आत्ताच घळीतलं रान बघून आलेले असतो, त्यामुळे ही शिस्त जास्तच जाणवते.

एवढं केलंत तरी सकाळ सार्थकी लागली. पाय शाबूत असतील तर तिथून दक्षिणेला रेझरव्हॉयरपर्यंत जा. १०६ एकरांचं पाणी, काठाने अडीच किलोमीटरची फेरी आणि पलीकडे वेस्ट साइडच्या जुन्या इमारती. हा साठा १९९३पर्यंत शहराच्या पाणीपुरवठ्याचा भाग होता. पुढच्याच वर्षी त्याला जॅकलीन केनेडी ओनासिस यांचं नाव दिलं.

इतरांच्या आवडत्या जागाही लिहा. दक्षिणेकडच्या सुद्धा.

सावली

रानवारा, नेमक्या वेळी धागा काढलात. आईबाबा आले आहेत, शनिवारी न्यायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, सलग अर्धा तास चालवत नाही आणि पायऱ्या तर नकोतच. तुम्ही सांगितलेली घळ तिला झेपेल का? टॅक्सी आत जाते का?

रानवारा

सावली, घळ नको. वाट ओबडधोबड आहे, ओल्या पानांवर पाय सरकतो आणि मध्ये दगडी पायऱ्या आहेत. त्यांना तळ्याच्या काठाशी बसवा, तिथलं दृश्य रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मग गाडीने फिफ्थ अव्हेन्यूला जाऊन कॉन्झर्व्हेटरी गार्डन दाखवा. बाकही भरपूर आहेत. टॅक्सी बागेत फिरवता येत नाही, २०१८पासून आतले रस्ते मोटारींना बंद आहेत. शहर ओलांडणारे चार आडवे रस्ते तेवढे चालू असतात, पण ते बागेच्या पातळीखालून जातात.

सायकलरिक्षा मिळतात, पण भाडं मिनिटावर असतं. दर गाडीवर लिहिलेला असतो. बसण्यापूर्वी किती मिनिटं फिरवणार आणि एकूण किती घेणार हे स्पष्ट विचारा.

गुलमोहर

लेख फार आवडला, पण दक्षिणेची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. सावलीताई, आईंना ‘मॉल’वर न्या. सपाट, रुंद, सरळ वाट आणि दोन्ही बाजूंना बाक.

ओल्मस्टेड आणि व्हॉ यांना सरळ रेषांचं वावडं होतं. अख्ख्या बागेत त्यांनी एवढी एकच भव्य सरळ वाट आखली आणि ती अमेरिकन एल्मच्या रांगांखाली ठेवली. या झाडाची खोडं सरळ वर जातात आणि फांद्या उंचावर एकमेकींत मिसळतात. पानगळीत एल्म पिवळा होतो, लाल नाही, म्हणून मेपल शोधत आलेले लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. पण दुपारच्या उन्हात त्या वाटेवर उभं राहा. वर पिवळं, खाली पिवळं आणि मध्ये काळ्या फांद्यांचं जाळं.

आणि ही झाडं जिवंत आहेत याचंच मोल आहे. १९३०च्या सुमारास एक बुरशीजन्य रोग अमेरिकेत आला, खोडकिडा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. ‘डच एल्म’ रोग म्हणतात त्याला. गावोगावचे एल्मचे रस्ते त्याने बोडके केले. इथल्या झाडांवर सतत नजर ठेवतात आणि लागण झालेली फांदी वेळीच छाटतात, म्हणून उत्तर अमेरिकेत उरलेल्या एल्मच्या मोठ्या समूहांपैकी एक इथे आहे.

मॉलवर २०२०पासून एक शिल्प आहे, तेही दाखवा. स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या सोजर्नर ट्रुथ, सुझन बी. अँथनी आणि एलिझाबेथ केडी स्टँटन एका टेबलाभोवती आहेत. त्याआधी या बागेत परीकथेतल्या मुली होत्या, देवदूत होते, पण प्रत्यक्ष होऊन गेलेल्या एकाही स्त्रीचा पुतळा नव्हता. शेक्सपियर, स्कॉट, बर्न्स या लेखकांचे पुतळे शंभराहून अधिक वर्षं तिथे आहेत, आणि बायकांना जागा मिळायला २०२० उजाडावं लागलं!

मॉल संपतो तिथे बेथेस्डा टेरेस. खालच्या कारंज्यावरचा देवदूत एमा स्टेबिन्स या शिल्पकार बाईंचा, १८७३चा. हे शिल्प पाण्यासाठी आहे. १८४२मध्ये क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी शहरात आलं त्याचं ते स्मारक. त्याआधी विहिरींच्या दूषित पाण्यावर जगणाऱ्या या शहराने १८३२ची कॉलऱ्याची साथ भोगली होती. हे माहीत असलं की कारंज्याकडे बघण्याची नजरच बदलते. टेरेसखालच्या मंडपाचं छतही चुकवू नका, १५ हजारांहून अधिक रंगीत मिंटन फरशा लावल्या आहेत. खाली उतरायला मोठा जिना आहे, पण बाजूच्या उतरत्या वाटेने वळसा घेऊनही जाता येतं.

रानवारा

गुलमोहर, एल्मबद्दल शंभर टक्के सहमत. मॉलला सकाळी आठच्या आत गेलं तर गर्दी नसते, एवढीच पुस्ती.

निवांत

प्रश्न: काही वर्षी लाल रंग जबरदस्त असतो, काही वर्षी सगळं मळकट तपकिरी. हे कशावर ठरतं? आणि आधी सांगता येतं का?

शिशिर

निवांत, हा माझा आवडता विषय आहे, म्हणून जरा सविस्तर.

पिवळा आणि लाल हे दोन वेगळे प्रकार आहेत. पिवळा-नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइड्स पानात उन्हाळाभर असतातच, हरितद्रव्याखाली झाकलेली. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन खोडात परत ओढून घेतं, मग खालचा पिवळा दिसतो. म्हणून पिवळी झाडं दरवर्षी साधारण सारखीच रंगतात. लाल रंगाचं अँथोसायनिन मात्र बहुतेक झाडांत शरदातच नव्याने तयार होतं, आणि त्याला पानात साखर लागते. दिवसा लख्ख ऊन असलं की साखर भरपूर तयार होते. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरायला लागलेला असतो आणि रात्री गार, पण गोठवणाऱ्या नसतील, तर ती साखर पानातच अडकते. असं हवामान सलग मिळालं की मेपल, ट्युपेलो, सॅसाफ्रास पेटतात. ढगाळ, उबदार, पावसाळी ऑक्टोबर गेला तर लाल फिका. उन्हाळ्यात दुष्काळ पडला तर पानं रंगण्याआधीच करपून गळतात. त्यामुळे महिनाभर आधी कुणी छातीठोक तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका. आठवडाभर आधीचा अंदाज मात्र बऱ्यापैकी जमतो.

ओकचा तपकिरी रंग टॅनिनचा. त्याला मळकट म्हणू नका हो. कलत्या उन्हात तो तांब्यासारखा दिसतो आणि बाकी झाडं बोडकी झाल्यावरही टिकतो.

गिंकोबद्दलही सांगतो. इतर झाडं पानं हळूहळू टाकतात, कारण प्रत्येक देठाचा थर आपापल्या वेळी पुरा होतो. गिंकोचे देठ जवळजवळ एकदमच तयार होतात. पहिली कडक थंडीची रात्र झाली की सकाळी काही तासांत झाड मोकळं होतं आणि खाली पंख्याच्या आकाराच्या पिवळ्या पानांचा सडा. ज्यांना हे बघायचंय त्यांनी हवामानाच्या अंदाजात पारा गोठणबिंदूखाली जाण्याची पहिली रात्र हेरावी आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या निघावं. दुपारपर्यंत वाट बघू नये.

आणखी एक निरीक्षण. रस्त्यावरच्या दिव्यालगतची फांदी बऱ्याचदा बाकी झाडापेक्षा उशिरापर्यंत हिरवी राहते. कृत्रिम उजेडामुळे तिला दिवस मोठा आहे असंच वाटत असतं.

जुनीवाट

धाग्यात एका जागेचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. रानवारा ‘विखुरलेली वस्ती’ असं लिहून पुढे गेल्या. त्या वस्तीत एक नांदतं गाव होतं. सेनेका व्हिलेज. आजच्या ८२व्या ते ८९व्या स्ट्रीटच्या दरम्यान, बागेच्या पश्चिम कडेला.

१८२५मध्ये एका गोऱ्या जमीनमालकाने आपल्या शेताचे तुकडे पाडून विकायला काढले. अँड्र्यू विल्यम्स या जोडे पॉलिश करणाऱ्या २५ वर्षांच्या काळ्या तरुणाने १२५ डॉलरना तीन तुकडे घेतले. त्याच सुमारास आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चनेही जमीन घेतली. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली १८२७मध्ये, म्हणजे हे व्यवहार झाले तेव्हा ती कायद्याने अजून चालूच होती. अशा काळात स्वतःच्या नावावर जमीन असणं म्हणजे काय असेल याचा विचार करा. शिवाय १८२१च्या राज्यघटनेने काळ्या पुरुषांना मतदानासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली होती. म्हणजे जमिनीचा तुकडा हा मताचाही मार्ग होता.

१८५५पर्यंत तिथे सुमारे २२५ माणसं राहत होती. तीन चर्च, एक शाळा, पन्नासेक घरं, बागबगीचे. साधारण दोन तृतीयांश काळे, बाकी बहुतेक आयरिश. बागेची मोहीम सुरू झाल्यावर वर्तमानपत्रांनी या भागाला झोपड्यांचा उकिरडा म्हणून रंगवलं, कारण तसं म्हटलं की उठवणं सोपं जातं. १८५७पर्यंत गाव रिकामं केलं. बागेच्या संपूर्ण जागेवरून सुमारे १,६०० माणसं हलवली गेली.

२०११मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा विल्यम गॉडफ्री विल्सन यांच्या घराच्या पायाच्या भिंती सापडल्या. ते तिथल्या ऑल एंजल्स चर्चचे सेवक होते. लोखंडी किटली, भाजण्याचं भांडं, लहान मुलाचं चामडी पायताण, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडेही मिळाले. झोपड्यांचा उकिरडा म्हटलेल्या जागी संसाराच्या वस्तू जपून वापरणारी कुटुंबं होती, हे मातीनेच दाखवून दिलं.

पानगळीत मी मुद्दाम इथे जातो. ८५व्या स्ट्रीटच्या मरिनर्स गेटने आत शिरलं की माहितीचे फलक आहेत, ते वाचत हळूहळू चाला. झाडी विरळ झाल्यामुळे जमिनीचा उंचसखल आकार आणि उघडे कातळ दिसतात आणि घरं कुठे असतील याची कल्पना करता येते. जवळच समिट रॉक आहे, बागेतली नैसर्गिक उंचीची सर्वांत वरची जागा. या बागेवर माझंही प्रेम आहे, पण तिच्या जन्माची गोष्ट सांगताना या माणसांना वगळून चालणार नाही.

निवांत

जुनीवाट, हे काहीच माहीत नव्हतं. त्यांना मोबदला मिळाला का?

जुनीवाट

जमीनमालकांना मिळाला, सरकारी मूल्यांकनाप्रमाणे. ते कमी आहे म्हणून काहींनी तक्रारीही केल्या. भाडेकरूंच्या हाती काही आलं नाही. आणि पैसे मिळाले तरी ते गाव एकत्र पुन्हा कुठे वसलं नाही. माणसं पांगली. ते पांगणं कुठल्याच मूल्यांकनात धरलेलं नव्हतं.

रानवारा

जुनीवाट, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद धाग्याच्या मजकुराइतकाच महत्त्वाचा आहे. माझ्या वाटेत रेझरव्हॉयरनंतर पश्चिमेला वळलं की हीच जागा येते. सगळ्यांनी त्या फलकांसाठी वेळ राखून ठेवावा.

पक्षीवेडा

पानांकडे बघताना दुर्बीण सोबत ठेवा! समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेला जाणारे पक्षी रात्रभर उडून थकतात आणि पहाटे खाली बघतात तर सगळीकडे सिमेंट, मध्ये हा एकच मोठा हिरवा आयत. साहजिकच इथे उतरतात. म्हणूनच इतक्या गजबजाटातल्या बागेत दोनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या काळात ‘रॅम्बल’मध्ये जा, ७३व्या ते ७८व्या स्ट्रीटच्या मध्ये. सुमारे ३६ एकरांचं मुद्दाम गुंतागुंतीचं केलेलं रान आहे. गळलेल्या पानांत खसखस ऐकू आली तर थांबा. पांढऱ्या गळ्याच्या चिमण्या दोन्ही पायांनी मागे उडी मारून पानं उलटतात आणि खालचे किडे-बिया खातात. हर्मिट थ्रश असतो, मुठीत मावतील असे किंगलेट असतात. ट्युपेलो मेडोमधलं जुनं ट्युपेलोचं झाड तर चुकवूच नका. ते लवकर लाल होतं आणि त्याच्या निळसर फळांवर पक्ष्यांची झुंबड उडते.

बेल्व्हेडीअर किल्ल्याच्या गच्चीवरून दुपारी आकाशात बघा, दक्षिणेला निघालेले ससाणे आणि श्येन दिसतात. शहराचं अधिकृत तापमानही १९१९पासून याच किल्ल्यापाशी मोजतात. रेझरव्हॉयरवर आता थापट्या बदकं यायला लागतील. ती एकमेकांमागे गोल गोल फिरून पाणी घुसळतात आणि वर आलेलं खाद्य रुंद चोचीने गाळून घेतात. पाच मिनिटं बघत बसलात तरी कंटाळा येणार नाही.

स्टार्लिंगही खूप दिसतील, शरदात त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. मूळचा हा युरोपचा पक्षी. १८९०मध्ये युजीन शिफलिन या गृहस्थांनी याच बागेत साठेक स्टार्लिंग सोडले. आज ते अमेरिकाभर आहेत आणि ढोलीत घरटं करणाऱ्या इथल्या पक्ष्यांची घरं बळकावतात. हौसेखातर परका जीव सोडू नये, याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सावली

सगळ्यांचे आभार! रॅम्बलमध्ये बाबांना घेऊन जाईन म्हणते, पण आत रस्ता चुकतो असं ऐकलं आहे. फोनचा नकाशा चालतो का?

रानवारा

चालतो, पण झाडीत ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो. त्यापेक्षा दिव्याचे खांब बघा. प्रत्येकावर चार आकड्यांची लहान पट्टी असते. पहिले दोन आकडे म्हणजे जवळची स्ट्रीट. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. म्हणजे ७५ने सुरू होऊन विषम आकड्यावर संपणारी पट्टी दिसली तर ७५व्या स्ट्रीटच्या आसपास, पश्चिमेकडे.

शनिवारीच जा, रविवार टाळा. नोव्हेंबरचा पहिला रविवार मॅरेथॉनचा असतो आणि शर्यत बागेतच संपते, त्यामुळे दक्षिणेच्या अर्ध्या भागात रस्ता ओलांडणंही मुश्कील होतं. त्याच पहाटे घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर पाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून यापुढे जे जाणार आहेत त्यांनी घळ आणि रॅम्बल दुपारी तीनपर्यंत उरकावं. स्वच्छतागृह उत्तरेला मीअरच्या काठी डाना डिस्कव्हरी सेंटरमध्ये आहे.

सावली

ठरलं मग. सकाळी तळं, नंतर शेवंती, आई दमली नसेल तर दुपारी मॉल. बाबा आणि मी समिट रॉकलाही जाऊ. आल्यावर फोटो टाकते.

पक्षीवेडा

तळ्यावर पहाटे गेलात तर काठाच्या विलोंवर बगळा बसलेला आहे का बघा, आणि मला कळवा.